मधल्या खोलीतून जाणारा निरोप

आमच्या घरात भासऱ्यांशी थेट बोलायची रीत नाही. भासरे म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. लग्न होऊन मी सुलतानपुरात आले, त्या दिवशी सासूबाईंनी मला स्वयंपाकघर दाखवलं, पाण्याची टाकी दाखवली आणि त्याच दमात सांगून टाकलं, "थोरल्यासमोर डोक्शावर पदर राहू दे. काई सांगाचं असलं तं जावेले सांगजो, ते सांगीन त्याले." सासूबाईंना जाऊन आता बरीच वर्षं झाली. मी स्कूटीवर मेहकरला जाते, ब्लाउज शिवायच्या ऑर्डरी घेते, अस्तराच्या भावावरून दुकानदाराशी तासभर हुज्जत घालते. कोणाला काही वाटत नाही. ही एक रीत मात्र जिथल्या तिथे आहे. ती मोडू नका असं सांगणारं कोणी उरलं नाही, आणि मोडा असंही कोणी म्हणालं नाही.

बाहेरच्यांना वाटतं, न बोलणं म्हणजे सोपं काम. तसं नाही, त्यात बारकावे आहेत. मी स्वयंपाकघरातून मोठ्याने म्हणते, "बाई, दादाले म्हणा, चहा थंडा होऊन राह्यला." बाई म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई, भासऱ्यांची बायको. भासरे बाहेरच्या खोलीत असतात आणि त्यांना सगळं लख्ख ऐकू येतं. पण ते हलत नाहीत. मग मधल्या खोलीतून जाऊबाई म्हणतात, "अहो, चहा थंडा होऊन राह्यला म्हणते ते." तेव्हा कुठे ते उठतात. जे वाक्य आपल्याला उद्देशून नाही त्यावर हलायचं नाही, ही त्यांची सभ्यता. घरात येतानाही ते अंगणातूनच खाकरतात, मला डोक्यावर पदर घ्यायला सवड मिळावी म्हणून. असा सज्जन माणूस तालुक्यात शोधून सापडायचा नाही. आणि या सज्जनपणानेच आमची सगळी टीम मारली, एकदा नव्हे, बरेचदा.

टीम म्हणजे मोबाइलवरच्या गेममधली. पण त्याआधी पायाची गोष्ट सांगायला हवी.

सोयाबीनच्या हंगामात ट्रॉलीवरून पोती उतरवताना भासऱ्यांचा तोल गेला आणि मांडीचं हाड मोडलं. आत सळई बसवली. त्याआधी गावात कुठे बैल बिथरला, विहिरीत मोटर अडकली, भांडणात दोन माणसं सोडवायची झाली, की पहिली हाक त्यांना यायची. पाय मोडल्यावर ते बाहेरच्या खोलीतल्या दिवाणावर बसले. हाड जुळलं, पण चाल पहिल्यासारखी झाली नाही. लोक भेटायला यायचे आणि ते उठू लागले की खांद्याला हात लावून म्हणायचे, "बसा दादा, बसा, उठू नका." लोक मायेनेच म्हणत होते. पण दर 'बसा'सरशी माणूस थोडा आणखी खाली जाताना मी स्वयंपाकघरातून पाहत होते आणि मला फार वाईट वाटायचं.

माझा नवरा शेगावला एका लॉजमध्ये इलेक्ट्रिशियन आहे. रविवारी आणि गुरुवारी भक्तांची गर्दी, म्हणून त्याची सुट्टी मंगळवारी. अशाच एका मंगळवारी त्याने भावाच्या मोबाइलमध्ये तो गेम टाकून दिला. "पाय बरा होईपर्यंत टाइमपास," म्हणाला. मोठं थोरलं राज्य आहे त्यात. जंगलं, किल्ले, बाजार, आणि देशभरातली हजारो माणसं एकाच वेळी त्यात हिंडत असतात. एकट्याने लहानसहान जनावरं मारता येतात, पण मोठा राक्षस मारायचा तर टोळी लागते. तिला गिल्ड म्हणतात. टोळीत प्रत्येकाचं काम ठरलेलं. सगळ्यांच्या पुढे उभा राहून मार खातो तो टँक. सगळ्यांच्या मागे उभी राहून पुढच्यांच्या जखमा भरते ती हीलर. बाकीचे आजूबाजूने वार करतात.

भासरे काय झाले हे सांगायला नकोच. जन्मभर जे केलं तेच त्यांनी तिथेही निवडलं. कमरेएवढी ढाल घेऊन ते पुढे उभे राहिले, आणि पहिल्यांदा दिवाणावरून हसण्याचा आवाज आला. जाऊबाई हातातलं सूप तसंच टाकून पाहायला गेल्या, घरात कोण आलं म्हणून.

गिल्डला हीलर मिळत नव्हती. ते काम कोणाला नको असतं. मारायला मिळत नाही, नाव होत नाही, आणि माणूस मेला की सगळे हीलरकडे पाहतात. नवऱ्याने मला शिकवलं. मला ते इतकं आवडलं की माझं मलाच आश्चर्य वाटलं. सगळ्यांच्या डोक्यावर एकेक हिरवी पट्टी असते. कोणाची कमी होते, कोणाची भरायची, कोण आणखी थोडा तग धरेल, हे बघत राहायचं. घरात मी वेगळं काय करते? फरक एवढाच, की तिथे पट्टी भरली की समोरचा म्हणतो, 'थँक्यू हीलर.' पहिल्यांदा कोणी तसं म्हटलं तेव्हा मी मोबाइल ठेवून उगाच अंगणात एक चक्कर मारून आले.

गिल्डची कॅप्टन कोल्हापूरकडची एक बाई होती. दिवसा कुठल्याशा ऑफिसात नोकरी, आणि रविवारी दुपारी जेवणं आटोपली की आमच्यावर राज्य. सगळे आपापल्या घरून हेडफोन लावून गेममध्येच एकमेकांशी बोलायचे. भासरे आत आले की आधी खाकरायचे. ते ऐकताच मी इकडे स्वयंपाकघराच्या मागच्या दारात, जिथे रेंज येते तिथे, मोबाइलसमोर एकटी बसलेली असतानाही ओढणी डोक्यावर घ्यायची. कॅप्टनला काही महिने वाटत होतं की आमच्या टँकला दमा आहे. एकदा तिने अडुळशाचा काढा सुचवला.

लढाई सुरू व्हायच्या आधी सगळे जमेपर्यंत गप्पा चालत. एकदा विषय निघाला, या गेममध्ये सगळ्यात मोलाचं काय वाटतं. एकजण म्हणाला, आपला पंखवाला घोडा. एकीला कपडे, सणासणाला नवे कपडे मिळतात आणि धुवावे लागत नाहीत. एक ट्रक चालवणारा होता, तो म्हणाला, कुठल्याही गावाला गाडी लावली तरी इथे ओळखीचं माणूस भेटतं. कॅप्टन म्हणाली, "रँक. बाकी सगळं बोलायच्या गोष्टी." भासऱ्यांना विचारलं तर ते नुसते खाकरले. मला विचारलंच नाही कोणी; मी ओढणी सावरली.

मग आम्ही त्या गुहेपाशी येऊन अडकलो. आत दगडी अंगाचा एक राक्षस होता. तो पाय आपटायच्या आधी टँकच्या पायाखालची जमीन लाल होते. त्या लाल जागेतून मागे सरकलं तर ठीक, नाहीतर टँक जागच्या जागी खलास, आणि टँक गेला की दोन मिनिटांत बाकीचेही. गंमत अशी की पुढे उभ्या असलेल्याला ती लाली दिसत नाही. राक्षसाच्या अंगानेच त्याची स्क्रीन भरलेली असते. ती दिसते मागे उभ्या असलेल्या हीलरला. म्हणजे हीलरने ओरडायचं आणि टँकने सरकायचं. जगभरच्या टोळ्यांना हे सोपं होतं.

पहिल्या रविवारी जमीन लाल झाली आणि मी म्हणाले, "कॅप्टनताई, दादांना सांगा मागे सरायला."

"अहो, ऐकतायत की ते! तुम्हीच सांगा!"

भासरे ऐकत होतेच. पण वाक्य कॅप्टनला उद्देशून होतं. ते निरोपाची वाट पाहत उभे राहिले आणि मेले.

दुसऱ्या वेळी कॅप्टन चिडली. "मी काय पोस्टमन आहे का?" म्हणून मी घरचीच पद्धत धरली. जमीन लाल होताच मधल्या खोलीकडे ओरडले, "बाई, दादाले म्हणा मांगं सरा!" जाऊबाई तूर पाखडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं, पदर सारखा केला आणि नीट म्हणाल्या, "अहो, ते म्हणते मांगं सरा म्हणून." भासरे म्हणाले, "मेलो."

मंगळवारी नवरा आला आणि पोट धरधरून हसला. "अवं, सरळ बोल ना त्याच्याशी. काय खाते का तो तुले?"

"तुमीच बोलून दाखवा माझ्या आईसंग मोठ्यानं," मी म्हणाले. तो सासूपुढे 'हो'च्या पुढे जात नाही.

मीच एक युक्ती काढली. पाखरं हाकलायला शेतात डबा वाजवतात, तशी मी स्टीलची ताटली वाजवायची. ताटली वाजली की मागे सरायचं, असं जाऊबाईंमार्फत भासऱ्यांना कळवलं. त्यांना ते पटलं, कारण ताटली कोणाला उद्देशून नसते. आणि काय सांगू, जमलं! राक्षसाचं निम्मं अंग झडलं. गिल्डवाले हेडफोनमधून विचारत होते, तुमच्याकडे आरती चालू आहे का. तेवढ्यात गल्लीतून जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बाई आली. ती दारोदार पातेलं बडवत हिंडते. तिने आमच्या अंगणात उभं राहून ते असं काही बडवलं, की भासरे भराभरा मागे सरत थेट गुहेच्या बाहेर गेले. राक्षस मोकळा सुटला आणि सगळ्यांना तुडवत माझ्यापर्यंत आला. जाऊबाईंनी मात्र जुन्या साडीवर एक चांगली परात मिळवली.

त्या दिवशी संध्याकाळी कॅप्टनचा मला एकटीला मेसेज आला. पुढच्या रविवारी शेवटचा प्रयत्न. नाही झालं तर टँक बदलावा लागेल, लोक कंटाळलेत. तुम्ही मात्र राहा, तुमच्यासारखी हीलर मिळत नाही. दादांना मी नंतर नीट शब्दांत सांगेन.

मी तो मेसेज पुन्हा पुन्हा वाचला. चूक निम्मी माझी होती आणि घरी बसवणार होते त्यांना. मला राग आला; कॅप्टनचा, रीतीचा, स्वतःच्या घशाचा, सगळ्यांचाच. स्वयंपाक करता करता मी जाऊबाईंना सगळं सांगितलं.

त्या भाकरी थापायच्या थांबल्या. "त्यायले नको सांगू."

"नाई सांगत."

"तुले मालूम हाय का, म्या त्यायले इचारलं होतं एकदा. म्हटलं, त्या मोबाइलात काय येवढं हाय? पोट्ट्यावानी खेळत बसता." त्यांनी परातीतलं पीठ उगाच गोळा केलं. "तं म्हणाले, तिथं मले कोणी 'बसा' म्हणत नाही."

भाकरी तव्यावर जळली, तिचा वास दोघींना उशिरा आला.

तो आठवडा मी शिवणयंत्रावर बसून तोंडातल्या तोंडात सराव केला. 'दादा, मागे सरा.' दोन-दोन अक्षरांचे तीन शब्द. यंत्र चालू असताना जमायचं, थांबलं की शब्दही थांबायचे. ज्या माणसाच्या ताटात रोज भाकरी वाढली जाते, ज्याचे सदरे मी शिवते, ज्याच्या दुखण्यात मी नवस बोलले, त्याला एक वाक्य म्हणायला इतकं भ्यायचं म्हणजे वेडेपणाच होता. पण भीती खरी होती. एकदा तोंड उघडलं की आजवरचा सगळा मान एका झटक्यात कमी होईल आणि तो माझ्यामुळे होईल, असं वाटायचं.

रविवार आला. जेवणं झाली. जाऊबाई सुपात गहू घेऊन मधल्या खोलीत बसल्या, भासरे दिवाणावर, मी मागच्या दारात. भासरे खाकरले. मी ओढणी घेतली. कॅप्टनचा आवाज आज जरा जास्तच गोड होता, त्यावरून मला कळलं की नवा टँक तिने बघून ठेवलाय.

लढाई सुरू झाली. भासरे मस्त उभे राहिले होते. खरंच, असा टँक मी अजून पाहिलेला नाही. जरासुद्धा हलायचे नाहीत. मी त्यांची पट्टी भरत होते. आणि जमीन लाल झाली.

"बाई!" मी ओरडले. "दादाले म्हणा..."

मधल्या खोलीतून आवाज नाही. गहू सुपात खळखळायचा थांबला होता.

"बाई! अवं बाई, सांगा ना!"

"मी नाई सांगत," जाऊबाई म्हणाल्या. अगदी शांतपणे, जशा भाव पटला नाही की भाजीवाल्याला सांगतात तशा. "सांग तूच."

मी वळून पाहिलं. त्या सुपाकडे बघत होत्या, आणि त्यांचे हात मांडीवर घट्ट धरलेले होते. राक्षसाचा पाय वर गेला होता.

"दादा, हटा!" माझ्या तोंडून निघालं. "मांगं हटा दादा! मांगं!"

हेडफोनमधून आणि भिंतीतून, असं दोन्हीकडून ते त्यांच्याकडे गेलं असणार. भासरे एक क्षण थबकले, मला ते स्क्रीनवर दिसलं. मग सरकले. पाय आपटला तेव्हा त्यांची ढाल लालीच्या काठावर होती. पट्टी पार तळाला गेली, पण माणूस उभा होता. मी ती भराभर भरली.

त्यानंतर मी थांबलेच नाही. 'हटा', 'आता पुढं व्हा', 'थांबा, थांबा', 'डावीकडं दादा, डावीकडं'. ओढणी कधीच खांद्यावर आली होती. इतकी वर्षं साठलेलं सगळं बोलून घेतेय असं वाटत होतं, आणि खरं सांगते, मला फार मजा येत होती. राक्षस कोसळला तेव्हा हेडफोनमध्ये एकच कल्ला झाला. ट्रकवाल्याने कुठेतरी रस्त्याकडेला लावलेल्या गाडीचा हॉर्न वाजवला. कॅप्टन म्हणाली, "आज आवाज फुटला की ओ तुम्हाला, हीलर! दादा, पुढच्या गुहेत पण तुम्हीच पुढं. वेळेवर या."

मी हेडफोन काढले आणि घरातली शांतता ऐकू आली. ओढणी पुन्हा डोक्यावर घेतली, चहाचं आधण ठेवलं आणि साखरेच्या डब्यात चमचा घालून तशीच उभी राहिले. जाऊबाई सूप घेऊन आत आल्या आणि माझ्याजवळ गहू निवडत बसल्या. त्यांनाही धाकधूक असावी.

बाहेरच्या खोलीत दिवाण करकरला. मग त्यांची ती एक पाय ओढल्यासारखी चाल मधल्या खोलीतून आली आणि उंबऱ्याशी थांबली. भासरे खाकरले. खाकरून ते नेहमी पुढे निघून जातात. या वेळी गेले नाहीत. चौकटीला हात लावून, मिक्सरच्या फळीकडे बघत उभे राहिले.

"थोडं अगुदर सांगत जा," ते म्हणाले. "मले हटाले टाइम लागते."

जाऊबाईंना सवयीने राहवलं नाही. त्या माझ्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, "ते म्हणून राह्यले, थोडं अगुदर..."

"ऐकलं तिनं," भासरे म्हणाले.

मी गॅस बारीक केला. "हाव दादा," मी म्हणाले, "सांगत जाईन."